हातांकडं बघणारा माणूस

कुपवाड, ११ फेब्रुवारी

श्री. दिग्विजय आप्पासो यांस,

मिरजेला गाडीतनं उतरल्या उतरल्या मीच तुम्हाला सांगितलं होतं, परत फोन केलात तर नंबर ब्लॉक करीन. तुम्ही इतके सरळ निघालात की खरोखरच केला नाहीत. आता माझाच शब्द माझ्या आड आलाय. म्हणून हे पत्र. भांडायला लिहीत नाही. भांडायचं काम बाबा आणि तुमचे काका करणारच आहेत, तुमच्या गावची जत्रा झाली की बैठक बसणार आहे. नांदायचं की कागद करून मोकळं व्हायचं, ते चार माणसांत ठरणार. बाबा रोज कारखान्यातनं आले की चप्पल काढायच्या आत एकच वाक्य म्हणतात, "पोरीला चोर म्हणणाऱ्याच्या घरी मी पाठवणार न्हाई." आणि मग मला चहा मागतात.

मला फक्त एक विचारायचंय. तुम्ही माझ्या हातांकडं का बघत होता?

हसू नका. मी एसटीत कंडक्टर आहे. माणसाच्या नजरेवरच माझी रोजी चालते. सांगली सुटली की कवलापूरपर्यंत मी गाडीत एक फेरी मारते, तेवढ्यात मला कळतं कोण काय आहे. ज्यानं तिकीट काढलेलं नसतं तो बाहेर बघतो. तीच शेतं, तेच बोर्ड, पण असा बघतो की जन्मात पहिल्यांदा ऊस दिसलाय. त्याच्याहून बेरकी असतो तो सरळ माझ्या डोळ्यात बघतो आणि पापणी हलवत नाही, "मगाशीच काढलंय की!" पोराचं वय चोरणारी आई पोराकडं बघते, पोरगं माझ्याकडं बघतं आणि न विचारता सांगतं, "मी दुसरीत हाय." म्हाताऱ्या बायका आधी माझ्या कपाळाकडं बघतात, आठ्या आहेत का ते. काही पुरुष खाकीकडं वरनं खालपर्यंत बघतात आणि बॅगेचा पट्टा जिथं छातीवरनं जातो तिथं थांबतात. त्यांना मी तिकीट लांबनं देते आणि सुट्टे मोजून मागते. आणि एक बघणं मला फार आवडतं. गाडी सुटलेली असते, मागनं कुणी पळत येतं, मी सिंगल बेल मारून थांबवते. चढताना ते माणूस माझ्याकडं असं बघतं, जशी मी त्याची मावशीच.

एवढी नजरेची जाण असलेली बाई, आणि नवऱ्याची नजर वाचता आली नाही! माझा राग आधी माझ्यावरच आहे, मग तुमच्यावर.

लग्नानंतर पार केरळात, त्रिचूरला मी आले, राहिले, तेवढ्या दिवसांत तुम्ही माझ्या तोंडाकडं बघितल्याचं मला आठवत नाही. जेवताना हातांकडं. भाकरी थापताना हातांकडं. मी केस विंचरत होते तेव्हाही हातांकडं. बरं, डोळे मिटून तरी झोपावं, तर तुम्ही झोपताही डोळे अर्धे उघडे ठेवून. पहिल्या रात्री मी दोनदा हाक मारली, जागे आहात वाटून.

आणि त्या दिवशी. वर आपल्या खोल्या, खाली तुमची गलाईची, सोनं गाळायची भट्टी. मी चहा घेऊन खाली आले. पातेलं उतरवताना बोट भाजलं होतं, तसाच ट्रे धरला होता. सोनार जुन्या दागिन्यांची मोड घेऊन बसलेले, ती मुशीत वितळत होती आणि त्यांची नजर मुशीवर चिकटलेली. तुमचीही. चहा ठेवून मी निघाले आणि तुम्ही मान वर न करता म्हणालात, "पदर झाड."

सगळ्यांसमोर. नव्या बायकोला. मी झाडला. त्यातनं काय पडणार होतं? वर गेले आणि बॅग भरली.

तुम्हाला ठाऊक नसेल म्हणून सांगते. आम्ही ड्यूटीवर जाताना स्वतःच्या पर्समधले पैसेसुद्धा लिहून देतो. वाटेत साहेब गाडी थांबवून कधीही चढतात, सगळ्या गाडीदेखत बॅग उघडायला लावतात, हिशेब जुळवतात. त्याचं मला काही वाटत नाही, नोकरी आहे. पण घर तरी असं असावं की नाही, जिथं कुणी आपली झडती घेत नाही?

उत्तर द्या नाहीतर देऊ नका. मी विचारलंय.

सोनिया

•

कुपवाड, २६ फेब्रुवारी

अहो,

उत्तर आलं नाही. वाट बघत नव्हते. पण आज जे झालं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय चैन पडेना.

आज आप्पा माझ्या गाडीला होते. तासगावला चढले, विट्याला उतरायचे होते. मला बघून दारातच थबकले. मागनं लोक ढकलायला लागले तेव्हा कुठं आत आले आणि सगळ्यात मागच्या सीटवर जाऊन बसले. तुमच्या गावची चार माणसं गाडीत होतीच. सासरा आणि माहेरी बसलेली सून एका गाडीत म्हटल्यावर त्यांच्या माना अशा वळल्या की सयाजीमामांनी, म्हणजे आमच्या ड्रायव्हरनी, आरशातनं बघून विचारलं, "काय गं पोरी, मागं तमाशा उभारलाय का काय?"

मी आप्पांपाशी गेले. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. म्हाताऱ्यांचं मोफत प्रवासाचं कार्ड काढलं, बोटांच्या टोकांत धरलं आणि दोन्ही तळवे माझ्यापुढं उघडे केले. लोक कार्ड दाखवतात, आप्पांनी हात दाखवले. मला काही कळेना. पण खरी गंमत विट्याला. पायरीवर थांबून त्यांनी धोतराचा सोगा झाडला, सदरा झाडला, आणि मगच खाली उतरले. मागची पोरं हसली. मला हसू आलं नाही. मला तुमचं 'पदर झाड' आठवलं.

गाडीला वेळ होता. मी चहाचे दोन कप घेतले आणि स्टँडच्या बाकावर त्यांच्या शेजारी जाऊन बसले. लोक बघत होते, बघू देत.

"आप्पा, उतरताना धोतर का झाडलं?"

"झाडलं व्हय?" त्यांना खरंच माहीत नव्हतं. मग कपात बघत म्हणाले, "सवय गं. आक्की हयात भट्टीवर गेली. मालक आसू दे न्हाईतर गडी, खोलीच्या उंबऱ्याभाईर पाय टाकायच्या आदी कापडं झाडायची, हात धुवायचं आनि दाखवायचं. केर ऱ्हातो ना. त्यो केरबी लोकाचा आस्तो, त्येच्यात सोनं आस्तंय. आपल्या आंगाला लागून कन गेला तर चोरीच की ती."

"आणि गिऱ्हाइकांना पण झाडायला लावता?"

"छ्या! पावन्याला कोन झाड म्हनल? तसं म्हनलं तर त्यो उटून जाईल, परत यायचा न्हाई. झाड म्हनायचं ते घरच्याला."

मी म्हटलं, "तुमच्या लेकानं मला म्हटलं होतं. सोनारांसमोर. त्यापायीच मी निघून आले."

आप्पांनी तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. भट्टीनं लाल झालेले डोळे आहेत त्यांचे, पाणी येतं सारखं. ते तसं पाणी होतं की दुसरं, सांगता येत नाही.

"आमास्नी एवढंच कळलं, भांडान झालं. कशावरनं ते म्हाईतच न्हवतं." मग कप खाली ठेवून, "बिनडोक हाय त्यो. आदी समजावून सांगाय पायजे हुतं. म्याबी तुज्या सासूला आसंच म्हनलं हुतं. लय दिस बोलली न्हाई माज्यासंगं. कालवनात मीठबी घालत न्हवती."

मला सासूबाई एकदम आवडल्या.

तर तुमचं 'पदर झाड' मला कळलं. मी घरची, म्हणून म्हणालात. कळलं म्हणून लगेच सगळं गोड झालं असं समजू नका. अर्धा राग गेला, अर्धा आहे. घरच्या माणसाला सांगतानाही मान वर करून सांगता येतं. ती मान तुमच्याच्यानं वर का होत नाही, ते आप्पांनाही सांगता आलं नाही. मी विचारलं तर म्हणाले, "त्ये त्येला इच्यार."

विचारतेय.

सोनिया

•

कुपवाड, १७ मार्च

अहो,

पत्र मिळालं. पोस्टमनकडनं बाबांनीच घेतलं, उलटंसुलटं करून बघितलं, आणि "तुजंच हाय" म्हणून माझ्याकडं टाकलं. तुमचं अक्षर इतकं लहान आहे की मला वाटलं, तेही कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून काढलंय.

तुम्ही लिहिलेलं मी इथं परत उतरवते. मला ते माझ्या हातानं लिहून बघायचंय.

'मी शाळा सोडून इथं आलो तेव्हा काकांनी पहिली गोष्ट शिकवली, तोंडाकडं बघायचं न्हाई. सोनं मुशीत आसताना आपन गिऱ्हाइकाच्या तोंडाकडं बघितलं तर त्याला वाटतं, हा माझं लक्ष हाय का न्हाई ते बघतोय. म्हंजे हात मारायचा इच्यार हाय. आमच्यात तोंडाकडं बघनारा तो चोर. तवापासनं मी मुशीकडं बघतो न्हाईतर हाताकडं. तुज्या तोंडाकडं बघावं वाटतं. बघाय गेलो की आंगावर काटा येतो, कुनीतरी धरंल आसं वाटतं. लिहायला येत न्हाई, चुकलं तर समजून घे.'

हे वाचून मी मोरीत जाऊन रडले. घरात दुसरीकडं जागा नाही. मग तोंड धुतलं आणि हसू आलं. जगात सगळीकडं चोर नजर चोरतो. तुमच्यात चोर नजर देतो! मी तुम्हाला माझ्या गाडीतल्या बिनतिकिटाच्या हिशेबानं वाचत बसले होते. चुकणारच की.

मग मी एक खूळ केलं. दुसऱ्या दिवशी ठरवलं, आज कुणाच्या तोंडाकडं बघायचं नाही. फक्त हात बघून तिकिटं द्यायची. सयाजीमामांना सांगितलं तर म्हणाले, "डोकं फिरलंय तुजं. हात बघून तिकीट द्याय तू काय जोतिषी हायस?"

पण काय सांगू! कुपवाडच्या वर्कशॉपवाल्यांचे हात मला झोपेतही ओळखता येतील, बाबांचे तसलेच आहेत, नखांच्या कडेला काळं तेल, साबणाला दाद न देणारं. तासगावच्या बागेतल्या बायकांच्या बोटांवर औषधाचा निळसर डाग, आणि द्राक्षाचे घड विरळून विरळून अंगठ्याला पडलेला घट्टा. एका नव्या नवरीच्या हातावर मेंदी होती आणि तिनं पर्स अशी घट्ट धरली होती की बोटं पांढरी पडली होती. तोंड बघितलं असतं तर मला लाली आणि टिकली दिसली असती. हातांनी सांगितलं की ती घाबरलीय. मी तिला विचारलं, "पाणी देऊ का?" ती दचकली. मला कसं कळलं, असं वाटलं असणार तिला.

आणि तिथंच, कवलापूरच्या फाट्यावर, मला ते आठवलं. माझं बोट भाजलं त्याच दिवशी, मी रागानं बॅग भरत होते तेव्हा, खिडकीत मलमाची ट्यूब होती. नवी, झाकण न उघडलेली. मी ती लावली, बॅगेत टाकली आणि त्या तंद्रीत विचारच केला नाही की ती आली कुठनं. आपल्या घरात ती नव्हती. भट्टी सोडून त्या वेळी कुणी बाहेर गेलं नव्हतं, कामगार सोडला तर. त्याला कुणी पाठवलं होतं? माझं बोट भाजल्याचं मी कुणाला बोलले नव्हते.

उत्तर मला माहीत आहे. तरी तुमच्या तोंडून ऐकायचंय.

अजून एक. परवा वाटेत साहेब चढले, तपासणी झाली. माझी बॅग सीटवर उघडून ठेवली. सगळी गाडी बघायला लागली. काही जण मजा बघत होते, काहींना कीव आली होती, ती मला मजेपेक्षा जास्त बोचते. एक बाई मात्र खिडकीबाहेर बघत राहिली. अगदी बिनतिकिटाचा बघतो तशी. पण हिचं तिकीट मीच दिलं होतं. ती माझ्यासाठी बाहेर बघत होती. सगळं बरोबर निघालं, साहेब उतरले, आणि मी तिच्याजवळनं गेले तर म्हणाली, "जेवलीस का बाई?" तेवढंच.

त्या बाईचं न बघणं मला अजून सोडत नाही. बघण्याचे एवढे प्रकार मोजत बसले, पण न बघणंही कुणाला तरी द्यायची वस्तू असू शकते, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

जत्रेला येणार ना? बैठक जत्रेच्या दुसऱ्या दिवशी आहे. बाबांनी मला बजावलंय की तिथं मी बोलायचं नाही, मोठी माणसं बोलतील. मी "बरं" म्हटलंय. माझ्या "बरं"चा अर्थ बाबांना अजून कळत नाही.

सोनिया

•

सांगली डेपो, १२ एप्रिल

अहो,

हे पत्र सयाजीमामांच्या हाती देतेय. संध्याकाळच्या फेरीला ते विट्याला येतील, तुमच्या हातात देतील. उद्या बैठक. त्याच्या आत तुम्हाला हे कळलं पाहिजे, कारण सकाळी गाडीत जे झालं त्यातलं अर्धं तुम्हाला माहीतच नाही.

तुम्ही माझ्याच गाडीला येणार, हे मला ठाऊक नव्हतं. त्रिचूरहून एवढ्या लांबचा प्रवास करून, मिरजेला उतरून, सांगलीला येऊन चौकशीच्या खिडकीवर माझी फेरी विचारून घेतलीत म्हणे. खिडकीवाल्यानं सगळ्या डेपोला सांगितलंय.

जत्रेची गर्दी. पाय ठेवायला जागा नाही, त्यात कुणाची कोंबडी, कुणाचे नारळ. मी तिकिटं देत मधे आले आणि बघते तर तुम्ही. खिडकीपाशी, मांडीवर दोन्ही हात, तळवे वर. जसे आप्पा. मान खाली. मला एवढं बोलायचं होतं आणि तोंडातनं काय आलं, तर "पुढं सरका".

पुढं जायला वाट नव्हती आणि बॅग आडवी येत होती. ही बॅग मी कुणाला देत नाही. देता येत नाही, नियमात बसत नाही. सयाजीमामांना नाही, बाबांना तर नाहीच. दिवसाची सगळी जमा तिच्यात असते, कमी आली तर माझ्या पगारातनं जाते आणि वर माझं नाव जातं. मी ती गळ्यातनं काढली आणि तुमच्या मांडीवर ठेवली, उघड्या तळव्यांवर. मशीन आणि हातात मावतील तेवढे सुट्टे घेतले. आणि पाठ फिरवली.

वेंधळेपणानं केलं असं समजू नका. ठरवून केलं. तुमच्या आयुष्यात कुणी तुमच्याकडं पाठ करून बसलेलं नाही, हे तुमच्या पत्रातनं मला कळलं होतं. सोनार बसतात ते डोळे रोखून. काका तसेच. मी एकदाही मागं वळून बघितलं नाही. मान दुखली, पण बघितलं नाही. तासगाव आलं, गेलं. एकदा सयाजीमामा आरशात बघून ओरडले, "सोने, तुजी बॅग कुटाय?" मी म्हटलं, "आहे जागेवर." त्यांनी परत आरशात बघितलं आणि गिअर टाकला.

विट्याला गाडी रिकामी झाली. तुम्ही उतरला नाहीत. मी पुढंच उभी होते, मागं बघायची हिंमत होईना. मला वाटलं, मी काहीतरी भलतंच केलं, तुम्हाला ते ओझं झालं असेल. तेव्हा मामा खाली उतरता उतरता म्हणाले, "आगं, बघ तरी आता. तासगावच्या आदीच झोपलाय त्यो. म्या आरशातनं बघतोय. बॅगंवर हात ठिवून गडी ढाराढूर!"

मी वळले. तुम्ही झोपला होता. डोळे मिटलेले. अर्धे नाही, पूर्ण मिटलेले. तोंड थोडं उघडं, डोकं खिडकीच्या गजाला. बॅग दोन्ही हातांच्या मिठीत.

मी समोरच्या सीटवर बसले आणि तुमच्याकडं बघितलं. लग्न झाल्यापासनं पहिल्यांदा पोटभर बघितलं. भुवईत एक जुना चट्टा आहे, तो मला माहीत नव्हता. कानाची पाळी आप्पांसारखी आहे. दाढीत एक पांढरा केस आलाय. परतीच्या फेरीची वेळ झाली, लोक चढायला लागले, तरी मला उठवावंसं वाटेना. कंट्रोलर साहेबांनी शिट्टी मारली तेव्हा तुम्ही जागे झालात.

आणि सगळ्यात आधी माझ्या हातांकडं बघितलंत. अगदी तसंच, ज्याच्यापायी मी त्रिचूरहून निघून आले होते. आणि म्हणालात, "बोट बरं झालं का?"

लोक चढत होते, तुम्ही बॅग माझ्या हातात दिलीत, दारात उभं राहून शर्ट झाडलात आणि उतरलात. म्हणून आता लिहितेय. बोट बरं झालंय. डाग राहिलाय, तो जाणार नाही म्हणतात, राहू दे.

उद्या बैठकीत बाबा बोलतील, तुमचे काका बोलतील. बोलू द्यात. शेवटी मला विचारलं नाही तरी मी सांगणार आहे, की मे महिन्यात रजा टाकून मी त्रिचूरला येतेय. नोकरी सोडणार नाही, हे लग्नाआधीच ठरलंय. आणि भट्टीच्या खोलीतनं बाहेर पडताना मी पदर झाडीन. पण आधी तुम्ही शर्ट झाडायचा, आणि मला सांगताना मान वर करायची. अंगावर काटा आला तर येऊ दे. कुणी धरलं तर मीच धरीन.

सोनिया

ता. क. बॅग बरोबर आहे, सुट्ट्यासकट. पण घोटाळा वेगळाच झालाय. इतकी वर्षं नोकरी केली, माझ्या गाडीतनं बिनतिकिटाचं माणूस कधी उतरलं नाही. आज तुम्ही उतरलात. मी तिकीट मागितलंच नाही आणि तुम्हीही खिडकीबाहेर बघितलं नाहीत, म्हणून मला कळलं नाही. परतीच्या फेरीत मी ते माझ्या पैशानं काढलंय, सोबत जोडलंय. सांगली ते विटा, एक फुल. जपून ठेवा, उद्या बैठकीत मागीन.